एकटं राहिलेलं पिल्लू कसं जगवायचं?



मागच्या दोन अंकांत आपण परसातल्या कोंबड्यांबद्दल वाचलं. खुराडं कसं असावं, खुडूक कोंबडीखाली किती अंडी ठेवावीत, हे त्यात होतं. त्यानंतर बैठकांना फिरताना एक प्रश्न मला तीन-चार गटांत विचारला गेला. तो कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाही, कारण माहितीपत्रकातली पिल्लं नेहमी शंभरानं असतात. शंभर पिल्लांना किती जागा, शंभर पिल्लांना किती खाद्य. आपल्याकडचा प्रश्न असतो एका पिल्लाचा. "ताई, एकच उरलंय, त्याचं काय करू?"

एकच का उरतं, तेही बघा. कधी मुंगूस किंवा कुत्रं कोंबडीला नेतं आणि पिल्लं गारठून जातात, एखादं कोपऱ्यात वाचतं. कधी कोंबडी अंड्यांवर बसलेली असताना दुसरी कोंबडी तिथंच येऊन अंडं घालून जाते. ते अंडं मागाहून घातलेलं, त्याचे २१ दिवस उशिरा भरतात. तोवर कोंबडी बाकीची पिल्लं घेऊन उठलेली असते आणि मागचं पिल्लू कवचातच ओरडत बसतं. आणि तिसरं म्हणजे बाजारातलं रंगीत पिल्लू. पोरं हट्ट करतात, आपण गुलाबी नाहीतर हिरवं एक पिल्लू घेऊन देतो. ही बहुतेक अंड्याच्या जातीची नर पिल्लं असतात, हॅचरीत नको असलेली. त्यांच्याकडून अंड्याची आशा धरू नका. पण घरी आणलंय तर त्याला नीट वाढवायलाच हवं.

पुष्कळ घरी अशा पिल्लापुढं मूठभर कणी टाकतात, वाटीत पाणी ठेवतात आणि पाटीखाली झाकतात. दोन दिवसांनी ते मेलेलं असतं. मग आपण म्हणतो, "आईवाचून जगत नाही." ते जगतं. मात्र आई त्याला काय काय देत होती ते आधी ओळखावं लागतं, आणि त्यात दाण्याचा नंबर पहिला नाही.

आधी ऊब

अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्यावर ते दोन दिवस, कधी तीन दिवसही, दाणापाण्याशिवाय काढू शकतं. म्हणूनच हॅचरीची पिल्लं खोक्यात भरून लांबच्या गावाला पाठवता येतात. पण थंडीत त्याला काही तासही निघत नाहीत. अंगावरची लव म्हणजे पिसं नव्हेत, आणि स्वतःचं अंग गरम ठेवायची ताकद त्याला दोन-तीन आठवड्यांनी येते. दहा पिल्लं असली तर ती एकमेकांना बिलगतात. एकट्याला तेही नाही. त्यामुळं शंभर पिल्लांच्या ब्रूडरपेक्षा एका पिल्लाच्या उबेकडं जास्त लक्ष द्यावं लागतं.

पहिल्या आठवड्यात त्याच्या बसायच्या जागी साधारण ३५ अंश ऊब हवी. आपलं अंग ३७ अंशाचं असतं, म्हणजे आपल्या अंगाहून जरा कमी. पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पाच-सहा आठवड्यांनी पिसं भरली की वरची ऊब बंद.

पुठ्ठ्याचं खोकं घ्या, त्यात एका बाजूला ४० वॅटचा बल्ब टांगा. इथं बऱ्याच जणी फसतात. आता घरोघरी एलईडी बल्ब आहेत. त्यांचा उजेड पडतो, ऊब नाही. जुना, पिवळ्या उजेडाचा, तारेचा बल्बच लागतो. तो पिल्लाच्या डोक्यापासून वीतभर वर असावा आणि पुठ्ठ्याला किंवा कापडाला टेकता कामा नये, नाहीतर आग लागेल. खोक्याची दुसरी बाजू थंड राहू द्या, म्हणजे गरम झालं की पिल्लू स्वतः तिकडं सरकेल.

लाइट गेली तर? आपल्या वाड्यांवर ती जातेच. बाटलीत गरम पाणी भरून घट्ट बूच लावा, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळा आणि पिल्लाशेजारी ठेवा. दोन-अडीच तासांनी पाणी बदला. म्हणजे रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. लेकरवाळ्या बाईला हे काही नवीन नाही, पण दिवसभर खुरपून आल्यावर सोपंही नाही. घरातल्या पुरुषमाणसांनी आणि मोठ्या पोरांनी यातली एक पाळी घ्यायला काहीच हरकत नाही, हे मी मुद्दाम लिहितेय.

चुलीशेजारी पिल्लू ठेवू नका. ऊब मिळते, पण धुरानं त्याची छाती भरते, शिवाय ठिणगीचं भय.

ऊब बरोबर आहे का, हे पिल्लूच सांगतं. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल, पंख अंगापासून लांब धरले असतील, तर गरम होतंय. बल्बखाली आकसून मोठ्यानं, कर्कश चिवचिव करत असेल तर गारठलंय. हळू आवाजात चुळचुळ करत, मध्येच डुलकी काढत असेल, तर सगळं ठीक आहे.

खोक्यात नुसता वर्तमानपत्राचा कागद टाकू नका. त्यावर पाय घसरतात आणि दोन्ही तंगड्या बाजूला फाकतात. पहिले तीन-चार दिवस खरबरीत सुती कापड अंथरा. धागे निघणारं नको, ते पायात अडकतात. त्यानंतर भाताचं तूस चालेल. तूस पहिल्या दिवसापासून टाकलं तर पिल्लू तेच दाणा समजून खातं. पाय फाकलेच तर मऊ कापडाच्या पट्टीनं दोन्ही पाय बोटभर अंतर ठेवून सैलसर बांधा. पहिल्याच दिवसांत बांधले तर तीन-चार दिवसांत सुधारतात. उशीर केला तर तसेच राहतात.

मग पाणी, मग दाणा

पिल्लाला पाणी म्हणजे काय हे ठाऊक नसतं. कोमट पाण्यात चिमूटभर गूळ विरघळवा आणि त्याच्या चोचीचं टोक एकदाच हलकं बुडवा. नाक बुडू द्यायचं नाही. एक घोट घेऊन मान वर केली की ते शिकलं. पाणी बाटलीच्या झाकणात किंवा उथळ पणतीत ठेवा आणि त्यात स्वच्छ खडे टाका. खोल वाटीत एकटं पिल्लू बुडून मरतं किंवा भिजून गारठतं. गुळाचं पाणी पहिल्याच दिवशी, पुढं साधं स्वच्छ पाणी, दिवसातून तीनदा बदललेलं.

पाणी प्यायल्यावर दाणा. कोंबडी पिल्लांना कशी बोलावते, आठवा. चोचीनं जमिनीवर टकटक करते, दाणा उचलते, टाकते, कुटकुट आवाज करते. ते बघून पिल्लं टिपायला शिकतात. आईच्या जागी आता आपलं बोट. खाद्य कापडावर पसरा आणि नखानं टकटक करा. नेलपॉलिश लावलेलं बोट असेल तर पिल्लू आणखी लवकर बघतं, हा आमच्या एका पशुसखीचा अनुभव आहे!

आता खाद्याचं. कणी वाईट नाही, पण कणीवर पिल्लू वाढत नाही. तांदूळ, ज्वारी, मका यांत प्रथिनं शंभरात सात ते दहा भाग असतात. वाढत्या पिल्लाला वीस भाग लागतात. आईबरोबर फिरताना ही तूट ते किडे, वाळवी, मुंग्यांची अंडी खाऊन भरून काढतं. आपण त्याला खोक्यात ठेवलं की किडे बंद झाले. म्हणून नुसत्या कणीवरचं पिल्लू जगलं तरी महिन्यानं मुठीएवढंच राहतं आणि पंख लोंबतात.

सगळ्यांत सोपं म्हणजे पोल्ट्रीवाल्याकडून किंवा खाद्याच्या दुकानातून किलोभर चिक स्टार्टर सुटं आणणं. गावरान पिल्लाला सहा आठवड्यांत साधारण किलोभरच खाद्य लागतं, म्हणजे खर्च फार नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य मात्र पिल्लाला देऊ नका. त्यात कवचासाठी चुना भरपूर असतो आणि त्यानं पिल्लाचे मूत्रपिंड बिघडतात.

घरी करायचं असेल तर एक किलोचं माप असं: मक्याचा किंवा ज्वारीचा बारीक भरडा ५५० ग्रॅम, शेंगदाणा पेंड २८० ग्रॅम, गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा १०० ग्रॅम, वाळवलेला जवळा कुटून ५० ग्रॅम आणि कोंबड्यांचं खनिज मिश्रण २० ग्रॅम. यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास येतात. जवळा बिनमिठाचा घ्या. खारवलेली मासळी पिल्लाला मारते. पेंडीला जरा जरी बुरशीचा वास आला तर ती टाकून द्या, "जनावराला चालते" म्हणू नका. शेंगदाण्यावरच्या बुरशीत यकृत जाळणारं विष असतं आणि पिल्लाला ते फार लवकर लागतं. पावसाळ्यात एकदम किलोभर करू नका, अर्धा किलो करा आणि कोरड्या डब्यात ठेवा.

भरडा किती बारीक? पहिल्या आठवड्यात रव्याएवढा, पुढं लापशीएवढा. तिसऱ्या आठवड्यापासून अख्खी बाजरी खाऊ शकतं. पण अख्खा दाणा सुरू केला की थोडी जाड वाळूही द्या. कोंबडीला दात नाहीत. चिकनच्या दुकानात आपण ज्याला पेटा म्हणतो, तो तिचा जाता. त्यात खडे असले तरच दाणा दळला जातो.

पिल्लू अगदी मलूल असेल तर उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करून, वाटाण्याएवढा, दिवसातून दोनदा द्या. एका बैठकीत आज्यांनी यावर तोंडाला पदर लावला. "अंड्यातून आलेल्याला अंडंच खाऊ घालायचं?" अहो, अंड्यात असताना ते तेच खात होतं! मात्र उरलेला बलक तासाभरात उचला. तो लवकर नासतो आणि मग हगवण लागते.

हिरवं हवंच. कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मेथी, घोळ, जे परसात असेल ते बारीक चिरून चिमूटभर. लांब गवताची पाती देऊ नका, गळ्याखालच्या पिशवीत गुंता होऊन बसतो. पायाची बोटं आत वळायला लागली तर ते बहुधा ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळं असतं. हिरवा पाला वाढवा, खाद्यात थोडं दही कालवून द्या आणि पशुसखीला दाखवा. आठवड्याचं झालं की कोवळ्या उन्हात रोज थोडा वेळ, पण मांजर आणि घारीपासून झाकून.

वाळवीची जुनी युक्ती अजून चालते. मडक्यात ओला कडबा आणि शेण भरून वाळवी असलेल्या जागी ते उपडं घाला. एक-दोन दिवसांनी आत वाळवी भरलेली असते. एका पिल्लाला पंधरा-वीस पुरतात. बांधावर औषध मारलं असेल तर तिथली वाळवी नको. गांडुळंही नकोत, त्यांतून जंत होतात.

सोबत

हा भाग कुणी सांगत नाही आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पिल्लू उबेत आहे, पोट भरलंय, तरी ओरडतंय, असं दिसलं तर ते एकटेपणानं ओरडतंय. ओरडणारं पिल्लू खात नाही, झोपत नाही आणि उतरत जातं.

पहिला उपाय म्हणजे दुसरी आई शोधणं. गावात कुणाची कोंबडी दोन-तीन दिवसांची पिल्लं घेऊन असेल तर विचारा. पिल्लू रात्री, अंधारात, तिच्या पंखाखाली हळूच सरकवा. सकाळी उठून ती मोजत बसत नाही. पण पिल्लांच्या वयात तीन-चार दिवसांहून जास्त फरक नको, आणि सकाळी तासभर लक्ष ठेवा. टोचायला लागली तर लगेच काढा. यासाठी गावरान कोंबडीच लागते. वनराजा, गिरिराजाच्या माद्या सहसा खुडूक होत नाहीत, त्यांच्याकडून मायेची अपेक्षा नको. खुडूक बसलेली पण अंडी न ठेवलेली गावरान कोंबडी असेल तर तिच्याखालीही रात्री ठेवून बघता येतं.

असं काहीच नसेल तर? आमच्या डोंगराकडच्या एका वाडीत गटातल्या एक आजी एकट्या राहतात. त्यांची एकच कोंबडी होती. गटाची बचत त्या तिच्या अंड्यांवर भरायच्या, कुणापुढं हात न पसरता. भर पावसाळ्यात मुंगसानं कोंबडी मारली. अकरा पिल्लांतलं एक चुलीमागच्या फाट्यांत सापडलं. त्या वयाची पिल्लं असलेली कोंबडी वाडीत कुणाकडंच नव्हती. आजींनी ते पाटीत ठेवलं, बाटली उबेला दिली, पेंड कुटून घातली, तरी ते ओरडत राहिलं. बैठकीत विषय निघाला तेव्हा एका ताईनं सांगितलं की तिच्या माहेरी, तासाभराच्या वाटेवर, कालच अंडी फुटलीत. तिनं दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं ओच्यात घालून आणली. उसनी नव्हे, अर्ध्या वाट्यानं. मोठी झाली की एक तिची, एक आजींची. शेळ्या आपण अर्धेलीनं देतोच, तसंच हे. पिल्लं एकत्र केली त्या संध्याकाळी ओरडणं थांबलं. आज ते पहिलं पिल्लू तलंग झालंय, अजून अंड्यावर आलेलं नाही. गावरान तलंग सहा-सात महिन्यांची झाल्यावर अंडी द्यायला लागते. वर्षाला साठ-सत्तर अंडी धरली तर आजींची बचत पुन्हा त्यांच्याच परसातून निघेल.

दुसरं पिल्लू मिळेपर्यंत खोक्यात छोटा आरसा उभा करा. त्यातल्या पिल्लाजवळ ते बसून राहतं. मऊ कापडाच्या चार-पाच रुंद पट्ट्या वरून लोंबत्या सोडा, त्यांच्यात शिरून ते आईच्या पंखाखाली बसल्यासारखं झोपतं. हे कायमचे उपाय नाहीत, वेळ भागवायचे आहेत.

पोरींनी पिल्लाला दिवसभर ओढणीत घेऊन फिरणं गोड दिसतं, पण जपून. पिल्लू पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलताना बघतं, त्यालाच आई समजतं. आम्हाला कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झ यांच्याबद्दल शिकवलं होतं. त्यांच्यामागं हंसाच्या जातीची पिल्लं रांगेनं चालायची, कारण अंड्यातून निघाल्यावर त्यांनी लोरेन्झनाच पाहिलं होतं. प्राण्यांच्या वागण्यावरच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. आपल्या परसात याचा अर्थ इतकाच, की फक्त माणसात वाढलेलं पिल्लू पुढं कोंबड्यांत मिसळत नाही, मार खातं. म्हणून दोन-तीन आठवड्यांचं झालं की त्याला डालग्याखाली, इतर कोंबड्या दिसतील असं ठेवा. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरताना, त्यांच्यात सोडा. आणि पिल्लाला हात लावल्यावर पोरांचे हात साबणानं धुवा, पापे घेऊ देऊ नका. त्याच्या शीतून माणसाला जुलाब लागू शकतात.

आजार

रोज सकाळी पिल्लू उलटं करून बूड बघा. शी चिकटून बूड बंद झालं असेल तर पिल्लू एका दिवसात जातं. कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवून काढा, ओढू नका. पुसून कोरडं करा आणि बोटभर खोबरेल लावा. पोटावर बेंबीचा वाळका तुकडा दिसेल, त्याला हात लावायचा नाही. शीत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. घरगुती उपायात दिवस घालवू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. तूस ओलं राहिलं की हा आजार होतो, म्हणून अंथरूण कोरडं ठेवणं हेच त्यावरचं निम्मं औषध.

राहिली मानमोडी. तिच्यावर औषध नाही, फक्त लस आहे. लासोटाचा एक थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात, पुन्हा चौथ्या आठवड्यात, आणि आठ-दहा आठवड्यांनी आरटूबीचं इंजेक्शन. देवीची लस सहा आठवड्यांनंतर. एका पिल्लाची अडचण इथंच येते. लासोटाची कुपी शंभर पिल्लांची असते, बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. एका पिल्लासाठी ती कुणी फोडत नाही. म्हणून बहुतेक एकटी पिल्लं लसीवाचून राहतात आणि पुढच्या साथीत जातात.

यावर आपल्या ग्रामसंघांत आता असं ठरतंय: महिन्याच्या बैठकीत पशुसखी वाडीवार पिल्लांचा आकडा घेईल, जवळच्या दोन-तीन वाड्यांचा एकच दिवस धरला जाईल आणि एका कुपीत सगळी उरकली जातील. आकडा सांगताना पुष्कळ ताई म्हणतात, "माझं काय, एकच तर आहे," आणि नाव लिहीतच नाहीत. पुढच्या बैठकीला वहीत रकाना आखलेला असेल. एक पिल्लू असलं तर एक लिहा, आणि ते कधी फुटलं ती तारीखही लिहा.